दिवेलागणीचा नेम

कापडे, तालुका पोलादपूर
ता. ६ जानेवारी १९६३

चि. सौ. बयाबाईस सासूबाईंचा आशीर्वाद.

बये, तुला एक सासू होती, आठवते का? ठेंगणी, काळी, पुढचे दोन दात पडलेली. ती अजून मेलेली नाही. आता चार दात पडलेत, एवढाच काय तो फरक. नऊ वर्षांत तुझी एक ओळ नाही, तेव्हा वाटलं की महाडच्या पाण्यातच विसरभोळेपणा असेल. म्हणून मीच लिहायला बसले. म्हणजे बसले मी, लिहितायत हैबतराव मास्तर. गावची शाळाही त्यांची आणि टपालाची पेटीही त्यांचीच. मी 'हाय' म्हणते, ते 'आहे' लिहितात. मी म्हटलं, "मास्तर, अशानं माझी सून मला वळखायची नाय." मास्तर हसले नाहीत. शिकलेली माणसं उशिरा हसतात.

तुलाही अक्षर येत नाही, तेव्हा हे तुझी लेक आवडीच वाचत असेल. सातवीपर्यंत शिकली असं कानावर आलं. आवडे, मोठ्यानं वाच गो, आणि आजीचं बोलणं आवडलं नाही म्हणून गाळू नको.

माझा सहदेव बरा आहे. जेवतो, ओटीवर बसून दोर वळतो. दोर इतका सारखा वळतो की पोलादपुराहून माणसं मागायला येतात. दिवसासुद्धा परसाकडे जाताना हात धरावा लागतो, पण ते थंडीमुळे असेल.

आता कामाचं. आपली चंद्रभागा शिमग्याआधी बोलणी करून टाक म्हणून मागे लागली आहे. हिरकणीवाडीला तिचं बरं चाललंय. तिचा कुशाबा विसाचा झाला, अंगानं सागासारखा. मामाची पोर भाच्याला द्यायची ही आपली रीत. आवडी सोळाची झाली. परक्या घरी देण्यापेक्षा आत्याच्या घरात जाईल, आणि त्या निमित्तानं तूही या उंबऱ्यात येशील. तू रुसून माहेरी गेलीस त्याला नऊ वर्षं होतील. सासू-सुनेची भांडी वाजायचीच. पण माझ्या मांडणीवरची भांडी आता वाजतच नाहीत गो, नुसती काळी पडतात.

तुझा भाऊ महिपत याला विचार आणि उत्तर धाड.

निशाणी अंगठा,
आनंदीबाई


कापडे
ता. ३ फेब्रुवारी १९६३

चि. सौ. बयाबाईस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. मास्तरांनी वाचून दाखवलं आणि वाचताना माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, तेव्हाच समजले की मिरची आहे.

तू लिहिलंस, "मी रुसून गेले नव्हते. माझं गाठोडं तुम्ही अंगणात ठेवलंत आणि चार बायांसमोर मला पांढऱ्या पायाची म्हणालात. म्हणालात, ही आली आणि माझ्या पोराच्या डोळ्यांवर सावली पडली. आधी माझ्या नवऱ्याला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरकडे न्या. डोळे कशानं गेले ते त्याच्याकडून कागदावर घ्या. मग माझी पोर मागा."

अक्षर आवडीचं छान आहे. मोत्याचे दाणे, पण प्रत्येक दाण्याला दात.

अंगणात म्हणतेस, तर अंगणात. मला ओटीवर आठवतं. म्हातारपणी पायऱ्या विसरतात.

पण बये, मी काही हात बांधून बसले नव्हते. तू गेल्यापासून दर आठवड्याला त्याला बोकडाची कलेजी दिली. रातांधळ्याला कलेजी, हे तर माझ्या आजीपासून चालत आलंय. देवीला नवस केले. आणि गुण येत होता! तो स्वतः म्हणायचा, "आये, उजेड नाचतोय. डोळे मिटले तरी नाचतोय." मी म्हणायचे, येतेय, नजर परत येतेय, थोडी वाट चुकलीय एवढंच.

तू म्हणतेस तर नेते मुंबईला. महाडच्या एका वकिलाच्या ओळखीनं मास्तरांनी तिथल्या डोळ्यांच्या इस्पितळाची चिठ्ठी आणलीय. अडचण एकच होती, आपला नेम. दिवेलागणीनंतर आपल्या घरच्या पुरुषानं उंबरा ओलांडायचा नाही, हे देवीचं बोलणं तुला ठाऊक आहे. तूही आठ-नऊ वर्षं तो पाळलास, कधी उलटून विचारलं नाहीस, एवढं मी कबूल करते. तेव्हा पहाटेची गाडी धरू आणि उजेडी तिथे पोचू. चंद्रभागेच्या सासरचा एक माणूस परळला राहतो, त्याच्याकडे उतरू.

डॉक्टरचा कागद आणते. मग बघू कुणाच्या पायाला कुठला रंग.

आनंदीबाई


कापडे
ता. २६ फेब्रुवारी १९६३

चि. सौ. बयाबाईस आशीर्वाद.

जाऊन आलो. अंग अजून गाडीत असल्यासारखं हलतंय.

जाताना गाडी महाडला पाव तास थांबली. सहदेवानं विचारलं, "आये, म्हाड ना?"

मी म्हटलं, "नाय रे."

तो म्हणाला, "मग हा कंडक्टर म्हाड म्हाड कुणाच्या नावानं वरडतोय?"

मी खिडकीला पाठ करून बसले. तू कुठे भेटणार होतीस म्हणा, स्टँडावर थोडीच उभी राहतेस!

इस्पितळात एक डॉक्टरीणबाई होत्या, आपल्या चंद्रभागेच्या वयाच्या, जाड भिंगाचा चष्मा. मी म्हटलं, "बाई, आधी तुमचं तपासा." त्या हसल्या, तेव्हा मला जरा बरं वाटलं. सहदेवाच्या डोळ्यांत थेंब घातले आणि त्याला पाऊण तास काळ्याकुट्ट खोलीत बसवलं. मला सोबत बसू दिलं. मी म्हटलं, "अंधारात बसायला मुंबईला कशाला यायचं? आमच्याकडं वाट्टेल तेवढा हाय."

त्या म्हणाल्या, "आजी, अंधारात बसला की डोळा भुकेला होतो. मग त्याला उजेडाचा एक घास द्यायचा आणि तो काय बोलतो ते ऐकायचं."

"डोळा बोलतो?"

"विजेत बोलतो. अगदी थोडी वीज असते, मुंगीच्या पावलाएवढी. पण सगळ्यांच्या डोळ्यांत असते."

घ्या! आपल्या गावात अजून विजेचा खांब आला नाही, आणि मी साठ वर्षं डोळ्यांत वीज घेऊन फिरतेय.

मग चिंचोक्याएवढी काचेची वाटी, तिला तारेचं शेपूट, ती त्याच्या बुबुळावर बसवली. दुसरी तार कपाळाला लेप लावून चिकटवली. तारा एका पेटीला जोडल्या. पेटीच्या काचेवर एक हिरवी रेघ पळत होती. बाईंनी आधी मला चांगल्या डोळ्याची रेघ दाखवली, तिथल्या नर्सच्या. दिवा लखकन् उडाला की रेघ आधी खाली बुडी मारते, मग उंच चढते. आणि सरळ चढत नाही बरं का, चढता चढता बारीक थरथरते. डोंगराच्या धारेवर चार-पाच पायऱ्या खोदाव्यात तशा लाटा. बाई म्हणाल्या, या बारीक लाटा म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा स्वतःचा ठेका, तो निरोगी असल्याची खूण. मग दिवा लुकलुकता ठेवला, डोळ्याचं पातं लवायच्या आत कितीतरी वेळा, तर रेघेनं प्रत्येक लुकलुकीला एकेक उडी मारली. शिमग्यात पालखीपुढं ढोलावर पावलं पडतात ना, तशी. एक पाऊल चुकलं नाही.

मग सहदेवाची पाळी. दिवा उडाला. रेघ सरळ. परत उडाला. सरळ. बाईंनी पेटीची कळ फिरवली, तारा काढून पुन्हा लावल्या, दुसऱ्या डोळ्यावर वाटी बसवली. लावणीआधी फळी फिरवून सपाट केलेला चिखल असतो, तशी रेघ. लुकलुकता दिवा लावला. ढोल वाजत राहिला आणि एकही पाय उचलला नाही.

सहदेवानं विचारलं, "बाई, काय दिसतंय?"

बाईंनी पेटीची कळ पुन्हा फिरवली. मी म्हटलं, "चांगलं दिसतंय रे."

त्यानं नुसती मान हलवली. माझा खोटा आवाज त्याला उजेडापेक्षा लवकर कळतो.

त्या नाचणाऱ्या उजेडाचंही त्यानं बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बाहेरचं काही पोचेनासं झालं की कधी कधी आतल्या आतच काहीतरी चमकत राहतं, लुकलुकत राहतं. का, ते आम्हालाही नीट कळलेलं नाही. पण ती नजर नव्हे. मी कलेजीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, कलेजीनं बरा होतो तो रातांधळेपणा वेगळा. खाण्यात कमी पडलं की येतो, दिलं की जातो. हा तो नव्हे. यात आतला पडदा वर्षानुवर्षं सुकत जातो.

म्हणजे बये, इतकी वर्षं मी त्या आतल्या नाचाला कलेजी चारली.

पडदा कशानं सुकला त्याचं लांबलचक इंग्रजी नाव आहे, ते म्हणायला लागतात तेवढे दात माझ्याकडे नाहीत. कागद दिलाय. मीही त्या खुर्चीवर बसले होते जराशी. पाय दुखत होते.

आवडीच्या लग्नाचं शिमगा झाल्यावर बोलू.

आनंदीबाई


कापडे
ता. १६ मार्च १९६३

चि. सौ. बयाबाईस आशीर्वाद.

शिमगा झाला. चंद्रभागा आणि कुशाबा पालखीला आले होते, चार दिवस राहून गेले.

लग्न यंदा नको. मास्तरांच्या पंचांगात मुहूर्त धड नाहीत, आणि पोर अजून लहान आहे. चंद्रभागेला मी सांगितलंय. ती ऐकते का नाही ते तिला ठाऊक. तू तरी घाई करू नको. महाडात चांगली घरं असतील, बघ की इकडंतिकडं.

डॉक्टरचा कागद मागितलास. फडताळात ठेवला होता, उंदरांनी कोपरा खाल्ला. सापडला तर धाडते.

बाकी सगळं ठीक.

आनंदीबाई


कापडे
ता. ८ एप्रिल १९६३

चि. आवडीस आजीचा आशीर्वाद.

हे पत्र तुला. पाकिटावर तुझ्या आईचं नाव आहे, कारण मास्तर म्हणाले रीत तशी आहे. तुझ्या आईचं उत्तर तुझ्याच अक्षरात आलं, तेव्हा त्यातलं तुला सगळं ठाऊकच आहे. "तुम्ही आधी पोर मागता, मग मुहूर्त नाही म्हणता. नऊ वर्षांपूर्वी मला बाहेर काढलंत, आता माझ्या लेकीला दारात उभी करून दार लावता. वन्सं स्वतः महाडला आल्या, साखरपुडा करून गेल्या. अक्षय तृतीयेचं लग्न ठरलंय. तुमचा कागद तुमच्याजवळ ठेवा."

अक्षय तृतीयेला अठरा दिवस आहेत. म्हणून आता खोटं बोलायला वेळ उरला नाही. गो पोरी, खोटं बोलायला फार वेळ लागतो.

आधी सगळं एकटीनं वाच. मग आईला वाचून दाखव. एक ओळ गाळू नको.

मला एक भाऊ होता, चांगू, माझ्या पाठचा. दिवसा झाडावरचं पोळं दुरून दाखवायचा, आणि ऊन उतरलं की भिंतीला हात लावून चालायचा. तेरा वर्षांचा असताना दिवेलागणीला ओढ्यावरच्या साकवावरून येत होता. साकवाचं लाकूड तिथेच होतं, त्याला दिसलं नाही. मी तेव्हा नुकती सासरी आले होते. माझी आई मला म्हणाली, "ढोरामागं धावला नि व्हाळात पडला, येवढंच सांग. दुसरं काय बोललीस तर तुझ्या धाकट्या बहिणी घरात राहतील." मी तेवढंच सांगितलं. पंचेचाळीस वर्षं तेवढंच सांगत आले. ज्यांना सांगितलं ते सगळे मेले, तरी सांगत होते.

तुझा बा सात वर्षांचा असताना असाच तिन्हीसांजेला गोठ्यात उभ्या बैलावर जाऊन आदळला. बैल मोठा होता, पांढरा होता. मी बघितलं आणि मला तो साकव आठवला. त्याच दिवशी मी नेम काढला. तुझ्या आज्याला म्हटलं, देवी सपनात आली नि म्हणाली, तुमच्या घरच्या पुरुषानं दिवेलागणीनंतर उंबरा ओलांडू नये. तुझा आजा भोळा, देवीचं नाव काढलं की हात जोडायचा. गावानंही हात जोडले. मास्तरांनी गावच्या बैठकी आमच्या घरासाठी दुपारी घ्यायला सुरुवात केली. आता हे लिहिताना त्यांनी टाक खाली ठेवलाय. लिहा मास्तर, लिहा. तुमच्या तीस वर्षांच्या दुपारी मी खाल्ल्या.

तुझ्या आईचं लग्न मी भर बाराच्या मुहूर्तावर लावलं आणि वरात काढू दिली नाही. नवरा संध्याकाळी बाहेर पडत नाही, घरी असतो, म्हणून ती सुखात होती. तिला ते माझ्या संस्कारांचं फळ वाटायचं. मग बाचं दिवसाचंही दिसणं आखडत गेलं. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही, जसं काही बांबूच्या नळीतून बघतोय. वळताना खांबावर आपटायचा. नेमाला ते झाकता येईना. गावाला कारण द्यायला हवं होतं. तुझी आई जवळ होती.

गाठोडं अंगणातच ठेवलं होतं. तू सात वर्षांची होतीस, त्या गाठोड्यावर बसून मला विचारत होतीस, "आजी, आम्ही कुठं चाललो?" हे तुला आठवत नसेल. मला आठवतं.

आता मुंबईचं. मागच्या पत्रात लिहिलं की मी खुर्चीवर बसले, पाय दुखत होते. पाय दुखत नव्हते. तुझ्या बाची सपाट रेघ बघून झाल्यावर डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "आजी, आता तुम्ही बसा."

"माझे डोळे चांगले हायत. सुईत दोरा ओवते."

"तरी बसा."

बसवलं. अंधार, थेंब, काचेची वाटी. ती डोळ्यावर थंड लागते, मग लागेनाशी होते. दिवा उडाला. उजेड गेल्यावर मी पेटीकडे बघितलं. माझी रेघ चढली, पण अर्ध्या डोंगरात बसली. त्या बारीक पायऱ्या पुसट, दिसल्या न दिसल्या. लुकलुकत्या दिव्याला तिनं उड्या मारल्या, पण लंगड्या. ढोल ऐकू येतोय आणि पाय उचलत नाही, असं.

बाईंनी विचारलं, "आजी, तुमच्या माहेरी कुणी होतं का असं?"

माझ्या अख्ख्या जन्मात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सगळे तुझ्या आईला विचारायचे. मी म्हटलं, "चांगू." एवढंच. तुझा बा शेजारच्या बाकावर बसला होता.

बाईंनी समजावून सांगितलं. हा एक प्रकार असा असतो की बाई तो आपल्या रक्तातून वाहते. तिला स्वतःला फारसं काही होत नाही. तिच्या मुलग्यांत कुणाला तो होतो, कुणाला नाही. मुलींत कुणी तो पुढं वाहते, कुणी नाही. आणि ज्याला झाला, त्याची प्रत्येक मुलगी तो वाहतेच. म्हणजे तू, आवडे. तुझे डोळे जाणार नाहीत, भिऊ नको. पण ओझं तुझ्याकडे आहे. मी तुला दुसरं काही दिलं नाही, एक चांदीचा वाळा देईन म्हणत होते तोही राहिला. हे मात्र न विसरता दिलं.

परतीच्या गाडीत तुझा बा पनवेलपासून खिडकीला टेकून बसला होता. महाड आलं तेव्हा या खेपेला मी खरं सांगितलं. म्हटलं, "म्हाड हाय रे." तो म्हणाला, "आये, बयाला तू सांगतेस का मी सांगू?" मी म्हटलं, सांगते. आणि तुम्हाला काय लिहिलं ते तू वाचलंसच.

मला वाटलं होतं, तुझ्या आईची गुपचूप माफी मागेन, पण तुमचं लग्न होऊ देईन. कुशाबा धडधाकट, तुझे डोळे टपोरे. मग शिमगा आला. पालखी दारात आली तेव्हा दिवे लागले होते. गावातली सगळी पोरं ढोलामागं पळाली. कुशाबा उंबऱ्याच्या आत, भिंतीला पाठ लावून बसला. मी म्हटलं, "जा रे बाबा, नाच जरा."

चंद्रभागा मध्येच म्हणाली, "आये, तुझा नेम मी आमच्या घरातबी लावलाय. देवी काय फकस्त तुझी हाय?"

"कधीपासून गो?"

"आठ वरसांचा व्हता तवापासून."

मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. ढोल दारात वाजत होता. मी शिकवलेलं खोटं माझ्या पोटच्या पोरीनं मलाच ऐकवलं, आणि तेही माझ्यापेक्षा चांगलं, पापणी न लवता. तेव्हा मला कळलं की तिला सून कशाला घाईनं हवी होती. मलाही अशीच घाई झाली होती.

तरी मी तुम्हाला लिहिलं की मुहूर्त नाहीत. ते मास्तरांना सांगत होते तेव्हा तुझा बा ओटीवर दोर वळत होता. त्यानं ऐकलं. मास्तर गेले, मी दिवा लावला. तो उठला, भिंतीला हात लावत आला, आणि माझ्यासमोर उंबरा ओलांडून गेला. मी म्हटलं, "सहदेवा, नेम हाय." तो थांबला नाही. देवळापर्यंत चालत गेला. वाटेत दोनदा पडला. देवळात माणसं होती, त्यांना म्हणाला, "मी आंधळा हाय. लहानपणापासून रातचं दिसत नाय. बायकोचा काय दोष नाय." कपाळ फुटलेलं, पायाला शेण, तसाच परत आला. आता रोज दिवेलागणीला जातो. काठी घेतलीय. मला हाक मारायला कुणी येत नाही.

काल मी हिरकणीवाडीला गेले. चंद्रभागेला सगळं सांगितलं, चांगूसकट. म्हटलं, तुझ्या कुशाबाचे डोळे जाणार आणि माझी आवडी तेच रक्तातून वाहते, दोघांच्या पोरांत मुलगा सुटेल का मुलगी सुटेल कुणी सांगू शकत नाही. एरवी मुलींचे डोळे तरी वाचतात, इथं त्याही सापडतील. लग्न मोड.

ती सुपात तांदूळ पाखडत होती. थांबली नाही. म्हणाली, "तू तुझ्या सुनेला सांगितलं व्हतंस का?"

उठून आले. पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही.

म्हणजे ती मोडणार नाही, हे तू समजून घे. आणि तुझी आई तर या घरात मानानं परत यायचं म्हणून हे लग्न करतेय. तिला सांग, मान तिचा होताच, मी लपवून ठेवला होता. तो घ्यायला लेक द्यावी लागत नाही. उद्या ये म्हणावं, दार उघडं आहे. यायचं नसेल तर तेही बरोबर आहे. गावात तिच्या नावावरचा डाग तिच्या नवऱ्यानं पुसलाय. तो मी पुसायला हवा होता.

मोडायचं ते तुलाच मोडावं लागेल. सोळाव्या वर्षी हे तुझ्या अंगावर टाकायला मला लाज वाटते. पण वाचता तुला येतं, मला नाही, आईला नाही. नाही म्हण. मामाला, महिपतला, हे रेघांचे तीन कागद दाखव, सोबत धाडलेत. उंदरांनी काही खाल्लं नव्हतं. ज्यात डोंगर आहे आणि चढणीला लाटा आहेत तो नर्सचा, मी मागून घेतला होता. सपाट तो तुझ्या बाचा. ज्याच्यावर मी अंगठा उठवलाय तो माझा. तिन्ही शेजारी ठेवलेस तर अक्षर न येणाऱ्यालाही कळेल. मला कळलं.

कुशाबाला दोष देऊ नको. त्या पोराला वाटतं देवी त्याला घरात ठेवते. त्याला खरं कोण सांगणार, ते मला ठाऊक नाही. बहुतेक मीच. त्याची आई मला दारात उभी करेल तेव्हा.

आणि पुढं कधी दुसरं घर तुला बघायला आलं तर त्यांना सांगायचं की नाही, हे मला विचारू नको. न सांगितल्यानं काय होतं ते तुझ्यासमोर आहे. सांगितल्यानं काय होतं ते मला माहीत नाही, आमच्यात अजून कुणी करून बघितलं नाही.

मास्तर विचारतायत, आणखी काही?

आहे. तुझा बा माझ्याशी बोलत नाही. माझ्या हातचं जेवतो, कारण दुसरं कुणी नाही, पण ताट सरकवून लांब जाऊन बसतो. तेव्हा महाडच्या बाजारातून त्याच्या नावानं पायलीभर भुईमुगाच्या शेंगा धाड, भाजलेल्या. सोललेले दाणे धाडू नको, टरफलासकट धाड. तो ओटीवर बसून सोलेल, टरफलं चहूकडे सांडेल, आणि ती वेचायला मला त्याच्याजवळ बसता येईल.

निशाणी अंगठा,
तुझी आजी आनंदीबाई